शिनोळीचा कॉम्प्युटर, हिंदवाडीची खुर्ची

या खेपेला आलेल्या पत्रांपैकी निम्मी एकाच विषयावरची निघाली: इथं बसून तिथला कॉम्प्युटर कसा चालवायचा आणि चालेनासा झाला तर काय करायचं. आपल्या भागात त्याचं नवल नाही. घर बेळगावात, शेड बाचीच्या पलीकडं महाराष्ट्रातल्या शिनोळीत, मुलगी पुण्यात, हिशेब बघणारा माणूस गोव्याला गेलेला. मधल्या रस्त्याची अवस्था तुम्हाला माहीतच आहे. मग रिमोट डेस्कटॉप लागतोच.

नेहमीप्रमाणं कुणाची नावं छापत नाही. एका वाचकानं आयपी अ‍ॅड्रेस, युजरनेम आणि पासवर्ड तिन्ही सुवाच्य अक्षरात लिहून पाठवलेत. तुमचं पत्र मी फाडून टाकलंय. पासवर्ड मात्र तुम्हालाच बदलावा लागेल, आणि आजच.

प्रश्न: ताई, आमचं शिनोळीत छोटं मशीन शॉप आहे. घर आणि ऑफिस बेळगावात हिंदवाडीला. टॅली शिनोळीच्या कॉम्प्युटरवर, विंडोज ११ प्रो. नेट जोडून देणाऱ्या मुलानं स्टॅटिक आयपी (नेटवरचा न बदलणारा पत्ता) घ्यायला लावून राउटरमध्ये ३३८९ हा पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडून दिला. वर्षभर काही तक्रार नव्हती. आता महिनाभर रोज 'खूप वेळा चुकीचा प्रयत्न झाल्यामुळं अकाउंट लॉक केलंय' असं येतं. थोडा वेळ थांबलं की कधी उघडतं, कधी नाही. युजरनेम 'अ‍ॅडमिन' आहे. पासवर्ड माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. तो मुलगा म्हणतो, पोर्टचा नंबर बदलला की झालं. बदलू का?

उत्तर: नंबर बदलू नका. पोर्टच काढून टाका, हे वाचून झाल्यावर लगेच.

तुमचा कॉम्प्युटर बिघडलेला नाही, उलट इमानानं राखण करतोय. २०२२ पासूनच्या विंडोज ११ मध्ये नव्यानं बसवलेल्या मशीनवर नियम असा, की दहा मिनिटांत दहा वेळा पासवर्ड चुकला की ते अकाउंट दहा मिनिटं बंद. चुकवणारे तुम्ही नाही. ३३८९ हा रिमोट डेस्कटॉपचा ठरलेला पोर्ट आहे, आणि जगभरात कुणीतरी लावून ठेवलेले प्रोग्रॅम रात्रंदिवस प्रत्येक आयपीवर तो ठोठावत फिरत असतात. उघडा सापडला की नावं आणि पासवर्ड घालून बघायला सुरुवात. 'अ‍ॅडमिन' हे नाव त्यांच्या यादीत अगदी वर असतं. त्यांनी दहा वेळा चुकवलं की लॉक होतं तुमचं अकाउंट. दहा मिनिटांनी उघडलं की ते परत हजर. म्हणून 'कधी उघडतं, कधी नाही'.

खात्री करायची असेल तर शिनोळीच्या मशीनवर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिक्युरिटी, आणि ४६२५ या नंबरचे इव्हेंट गाळून बघा. ४६२५ म्हणजे फसलेलं लॉगिन. यशस्वी लॉगिनचा नंबर ४६२४, तोही बघाच. रात्री अडीच वाजता तुमच्याकडं कुणी टॅली उघडत नसणार.

पोर्ट बदलून काय होतं? दोन-चार आठवडे शांतता मिळते. एकूण पोर्ट ६५,५३५. ते सगळे तपासायला यंत्राला फार वेळ लागत नाही, आणि तुमचा नवा नंबर सापडला की त्यामागं रिमोट डेस्कटॉप आहे हे तो स्वतःच सांगतो.

मी एवढ्या तावातावानं लिहिते त्याला कारण आहे. २०१८ साली मी स्वतः एका गिऱ्हाइकाला हाच पोर्ट उघडून दिला होता. पासवर्ड होता कारखान्याचं नाव आणि पुढं १२३. मालकांना लक्षात राहायला सोपा हवा होता आणि मी 'असू दे' म्हटलं. अनंत चतुर्दशीला कारखाना बंद, सगळे मिरवणुकीत. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आमच्याकडं विसर्जन चालतं, त्यामुळं तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला, "अक्का, टॅली उघडत नाही, सगळ्या फाइलींची नावं कायतरी भलतीच झाल्यात." जाऊन बघते तर प्रत्येक फोल्डरात एक टेक्स्ट फाइल, तीत पैसे किती आणि कुठं पाठवायचे ते. बॅकअप होता. रोज रात्री आपोआप बाहेरच्या हार्ड डिस्कवर जायचा. पण ती डिस्क कॉम्प्युटरच्या पाठीमागं कायमची खोचलेली, म्हणजे तीही गेली.

वाचवलं कुणी, तर तिथल्या हिशेबनिसांनी. ते अधूनमधून टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेऊन जेवणाच्या डब्याच्या पिशवीत टाकून घरी न्यायचे. कुणी सांगितलं नव्हतं, त्यांची सवय. पेनड्राइव्हवरचा डेटा अठरा दिवस जुना होता. त्या अठरा दिवसांची बिलं, चलनं, बँकेच्या नोंदी आम्ही दोघांनी चार संध्याकाळ बसून परत घातल्या. मालक एका शब्दानं बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

आता तुमच्यापुरतं. राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग (ते उघडलेलं दार) काढा आणि त्याजागी व्हीपीएन, म्हणजे दोन मशीनमधला कुलूपबंद खासगी रस्ता, घ्या. तुमच्याकडं स्टॅटिक आयपी आहेच. राउटरमध्ये वायरगार्ड या व्हीपीएनची सोय असेल तर तीच उत्तम. त्यालाही एक पोर्ट उघडा लागतो, पण किल्ली जुळली नाही तर तो समोरच्याला उत्तरच देत नाही, त्यामुळं ठोठावणाऱ्याला आत काही आहे याचा पत्ता लागत नाही. राउटर साधा असेल तर टेलस्केलसारखं तयार व्हीपीएन दोन्ही मशीनवर घाला. त्याला राउटरमध्ये हातच लावावा लागत नाही. ज्या खात्यानं त्यात साइन इन कराल त्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावा, आणि घरचा लॅपटॉप हरवला तर त्या यादीतून तो लगेच काढा. मग शिनोळीच्या मशीनवर फायरवॉलमध्ये रिमोट डेस्कटॉपच्या नियमाला स्कोप (कुठल्या पत्त्यांना आत सोडायचं त्याची यादी) असतो, तिथं फक्त व्हीपीएनचे पत्ते ठेवा. हिंदवाडीतून आधी व्हीपीएन जोडायचं, नंतर रिमोट डेस्कटॉप. एक क्लिक वाढतो, बाकी काही नाही.

वाचकांपैकी ज्यांच्याकडं स्टॅटिक आयपी नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांमधल्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर कंपनीनं एकच खरा पत्ता बऱ्याच घरांत वाटून दिलाय. तिथं पोर्ट फॉरवर्डिंग कितीही केलं तरी चालणार नाही. कित्येक जण त्यात दोन-दोन दिवस घालवतात. टेलस्केल मात्र तिथंही चालतं. गंमत म्हणजे तेही मशीनना याच रांगेतले पत्ते देतं, त्यामुळं दोन्हींत घोटाळा करू नका.

'अ‍ॅडमिन' नावानं रिमोटनं येणं बंद करा. रोजच्या कामासाठी वेगळा साधा युजर करा, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे हक्क नसलेला, आणि तेवढाच रिमोट डेस्कटॉपच्या यादीत ठेवा. आणि बॅकअपची डिस्क काम झालं की उपसून कपाटात. तुमच्या टॅलीत महाराष्ट्राचा २७ आणि कर्नाटकाचा २९ अशा दोन जीएसटी नंबरांचे हिशेब वेगवेगळ्या कंपन्या करून ठेवलेले असणार. बॅकअप घेताना लोक हमखास एकच कंपनी निवडतात आणि दुसरी राहते. दोन्ही घेतल्यात का ते बघा.

प्रश्न: उद्यमबागेत आमची फाउंड्री आहे. स्पेक्ट्रोमीटरला (धातूत काय किती आहे ते मोजणाऱ्या यंत्राला) जोडलेला कॉम्प्युटर विंडोज ७ चा आहे, सॉफ्टवेअर नव्यावर चालत नाही. ऑफिसच्या नव्या मशीनवरून रिमोटनं जोडायला गेलं की 'ऑथेंटिकेशन एरर' आणि खाली 'क्रेडएसएसपी' असं काहीतरी येतं. एका ओळखीच्यानं नव्या मशीनमधली एक पॉलिसी 'व्हल्नरेबल' करायला सांगितली. केलं, चाललं. ठीक आहे ना?

उत्तर: त्या पर्यायाला मायक्रोसॉफ्टनंच 'व्हल्नरेबल' हे नाव दिलंय, आणखी वेगळं सांगायला नको. क्रेडएसएसपी म्हणजे तुमचा युजरनेम-पासवर्ड पलीकडच्या मशीनला पोचवणारा विंडोजचा भाग. त्यात दोष निघाला, आणि मे २०१८ च्या अपडेटनंतर दोन्ही बाजूंना दुरुस्ती असल्याशिवाय विंडोज जोडणी नाकारायला लागलं. तुमच्या जुन्या मशीनवर ते अपडेट नाही. इलाज जुन्यावर करायचा, नव्याला अधू करून नव्हे. पॉलिसी पहिल्यासारखी करा.

त्याच मशीनवर १४ मे २०१९ ची दुरुस्तीही घाला. ब्लूकीप या नावाचा दोष त्या वर्षी सापडला. विंडोज ७ च्या रिमोट डेस्कटॉपमधून पासवर्ड न घालताही आत येता येईल असा. इतका वाईट, की मायक्रोसॉफ्टनं सपोर्ट कधीच संपलेल्या एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, त्यानंतर सापडलेल्या दोषांना तुमच्याकडं काही उत्तर नाही. म्हणून त्या मशीनला इंटरनेट नको, मेल नको, कुणाचा पेनड्राइव्ह नको. वेगळ्या स्विचवर किंवा वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात) ठेवा आणि ऑफिसच्या एकाच मशीनला त्याच्याशी बोलू द्या.

आणि एक विचारते. तुम्हाला तिथं रिमोट लागतं कशाला? मी बघितलेल्या फाउंड्रींत तरी एवढंच असतं: भट्टीवरचा माणूस थांबलेला असतो, त्याला कार्बन आणि सिलिकॉनचे दोन आकडे हवे असतात, म्हणजे लोखंड ओतायचं की थांबायचं ते कळतं. मग रिपोर्ट एका शेअर फोल्डरात पडू द्या, ऑफिसनं तिथून वाचावा. अख्ख्या मशीनचा ताबा कशाला हवा?

प्रश्न: खानापूरला आमची पॅथॉलॉजी लॅब. खाली रिसेप्शन, वर मशीन. खालून वरच्या कॉम्प्युटरला रिमोट डेस्कटॉप. पावसाळ्यात लाईट गेली-आली की दुसऱ्या दिवशी जोडत नाही. 'रिमोट अ‍ॅक्सेस चालू नाही, किंवा मशीन बंद आहे, किंवा नेटवर्कवर नाही' अशी तीन कारणं येतात. तिघांतलं नेमकं कुठलं ते कसं कळायचं?

उत्तर: त्या संदेशाचा मलाही राग येतो. डॉक्टरांनी 'ताप असेल, किंवा पडला असाल, किंवा काहीच नसेल' म्हणावं तसलं.

लाईटनंतर बिघडतंय, म्हणजे बहुतेक पत्ता बदलतोय. राउटर परत चालू झाला की तो मशीनना नव्यानं आयपी वाटतो. काल वरच्या मशीनला शेवटचा आकडा ५ होता, आज ८. तुमच्या डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटमध्ये मात्र ५ च लिहिलेला. राउटरमध्ये अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन असतं, तिथं त्या मशीनला एक आकडा कायमचा देऊन टाका. नाहीतर आकड्याऐवजी कॉम्प्युटरचं नाव घालून जोडा.

तरी जोडत नसेल तर पिंग करून, म्हणजे मशीनला नुसती हाक मारून, निकाल लावू नका. विंडोजची फायरवॉल पिंगला बऱ्याचदा उत्तर देत नाही, आणि लोक 'मशीन मेलं' म्हणून मोकळे होतात. खालच्या मशीनवर पॉवरशेल उघडून 'टेस्ट-नेटकनेक्शन' ही आज्ञा मशीनचं नाव आणि पोर्ट ३३८९ देऊन चालवा. शेवटच्या ओळीत 'ट्रू' आलं तर रस्ता मोकळा आहे, घोटाळा युजरनेम-पासवर्डात. 'फॉल्स' आलं तर वर जाऊन बघा. बहुधा मशीन झोपलेलं असेल. पॉवर सेटिंगमध्ये स्लीप 'नेव्हर' करा. आणि बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) 'वीज गेल्यावर परत आली तर काय करायचं' याची एक सेटिंग असते, ती 'पॉवर ऑन' ठेवा, म्हणजे बटण दाबायला जिना चढावा लागत नाही.

याच तक्रारीसाठी मी एकदा एका दवाखान्यात तीन चकरा मारल्या. आयपी बरोबर, स्लीप बंद, केबल बदलली, तरी रोज सकाळी जोडणी नाही. चौथ्या खेपेला सकाळी सातला जाऊन बसले. झाडायला येणाऱ्या अक्कांनी केर काढला, टेबलाखालचा बोर्ड बघितला, आणि कुणीतरी स्विच चालूच ठेवून गेलं म्हणून प्रामाणिकपणे बंद केला. राउटर गेला. बोर्डाशेजारी मी आधीच ठळक 'बंद करू नये' लिहून चिकटवलं होतं, पण मराठीत. त्यांना कन्नडच वाचता यायचं. खाली 'ऑफ माडबेडी' असं कन्नड लिपीत दुसऱ्याकडून लिहून घेतलं, तेव्हापासून त्या दवाखान्याचा फोन नाही.

प्रश्न: मी संकेश्वरचा, निवृत्त शिक्षक. मुलगा पुण्यात. तो म्हणतो, 'बाबा, मी इथून तुमचा कॉम्प्युटर नीट करतो.' पण मध्यंतरी एकानं फोन करून असंच एक अ‍ॅप घ्यायला लावलं होतं, शेजाऱ्यांनी वेळेत अडवलं. मुलाचं अ‍ॅप आणि चोराचं अ‍ॅप ओळखायचं कसं? माझ्याकडं विंडोज होम आहे.

उत्तर: सर, अ‍ॅपवरून ओळखता येत नाही. तेच अ‍ॅप दोघंही वापरतात. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना एनीडेस्क या रिमोटच्या प्रोग्रॅमबद्दल सावध केलं होतं, तेव्हाही अ‍ॅप खोटं नव्हतं, ते घ्यायला लावणारे खोटे होते. फोन कुणी कुणाला केला एवढंच बघा. तुम्ही मुलाच्या नंबरवर स्वतः फोन लावला असेल तरच पुढं जायचं. बँक, वीज, गॅस, कस्टमर केअर, कुणीही स्वतःहून फोन करून स्क्रीन दाखवा म्हटलं की ठेवून द्या. 'मी तुमचा मुलगा बोलतोय, नंबर बदललाय' हेही त्यातच.

विंडोज होममध्ये दुसऱ्याला रिमोट डेस्कटॉपनं आत घेता येत नाही, पण क्विक असिस्ट त्यात असतं. कंट्रोल, विंडोज आणि क्यू एकदम दाबा. मुलगा त्याच्या बाजूनं साइन इन करून एक छोटा कोड सांगेल, तो तुम्ही घालायचा आणि परवानगी द्यायची. कोड थोड्या वेळानं आपोआप बाद होतो, आणि खिडकी बंद केली की मुलगाही बाहेर. तो काम करत असताना बँकेचं पान उघडं ठेवू नका. मुलावर संशय म्हणून नव्हे, सवय म्हणून. कधी पैसे गेलेच तर लाजत बसू नका, त्याच मिनिटाला १९३० ला फोन.

प्रश्न: निपाणीत डीटीपीचं दुकान. घरून दुकानातल्या मशीनवर काम करते. दोन त्रास. मधेच कॉपी-पेस्ट बंद पडतं. आणि घरून पेस्ट केलेलं मराठी-कन्नड तिकडं इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन येतं. लग्नसराई आहे, लवकर सांगा.

उत्तर: पहिलं सोपं. दुकानातल्या मशीनवर, म्हणजे रिमोटच्या खिडकीच्या आत, टास्क मॅनेजर उघडा. त्यासाठी कंट्रोल-आल्ट-डिलीट ऐवजी कंट्रोल-आल्ट-एंड दाबायचं, नाहीतर ते तुमच्या घरच्याच मशीनला लागतं. कॉपी-पेस्ट सांभाळणारी 'आरडीपीक्लिप' नावाची प्रोसेस बंद करा, मग रनमध्ये तेच नाव घालून परत चालू करा. जोडणी तोडावी लागत नाही.

दुसरं म्हणजे फॉन्टचा जुना आजार. श्रीलिपीचे किंवा नुडीचे जुने फॉन्ट आतून इंग्रजी अक्षरंच साठवतात, फक्त त्यांच्यावर मराठी-कन्नडचा मुखवटा असतो. रिमोटमधून पेस्ट करताना बऱ्याचदा नुसता साधा मजकूर जातो आणि मुखवटा घरीच राहतो. दुकानातल्या मशीनवर तेच फॉन्ट असतील तर पेस्ट केलेला मजकूर निवडून फॉन्ट लावा, अक्षरं जागेवर येतील. नसतील तर आधी घाला. नवीन काम मात्र युनिकोडमध्येच करा, ते कुठंही पेस्ट केलं तरी वाचता येतं.

आणि वर मराठी, खाली कन्नड अशी पत्रिका असेल तर दोन्ही मजकूर एकदम निवडून एकच फॉन्ट लावू नका. मराठीला कन्नडचा फॉन्ट लागला तर जे उमटतं ते रिमोटच्या बारीक खिडकीत तुम्हाला खपून जाईल, नवरीच्या मामांना नाही.